सेकंड हँड रोड बाईक घाटात का दमवते? गिअर बदलण्याआधी आधी दात मोजा

जुनी रोड बाईक घेतली की पहिले काही रविवार मजेत जातात. बोईसरहून चिंचणी, तिथून पुढे डहाणू. नाहीतर पालघरहून शिरगाव, माहीम, केळवे. किनाऱ्याचे रस्ते सपाट, सायकल हलकी, वाराही कधी कधी पाठीमागून. वाटतं, पैसे वसूल झाले.

मग कुणीतरी ग्रुपवर जव्हारचा प्लॅन टाकतं.

पालघरहून मनोरकडे निघालं की काळदुर्गाच्या पायथ्याशी वाघोबाची खिंड लागते. इथे पहिल्यांदा कळतं की शेवटचा गिअर टाकून झालाय आणि अजून अर्धा चढ बाकी आहे. पाय जड, गुडघ्यात कळ, सायकल रस्त्यावर डावी-उजवीकडे झुलायला लागते. मागून ट्रकचा हॉर्न. शेवटी उतरून ढकलत जायचं. घरी आल्यावर दोनपैकी एक निष्कर्ष निघतो: 'आपल्यात दम नाही' किंवा 'सायकलच बेकार आहे'. काही दिवसांनी तीच सायकल पुन्हा ऑनलाइन विक्रीला लागते.

बऱ्याचदा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. दोष असतो तो गिअरच्या चकत्यांवरच्या दातांच्या संख्येत. आणि तो कमी खर्चात दुरुस्त होऊ शकतो, फक्त नेमकं काय बदलायचं हे माहीत हवं.

रोड बाईकचे गिअर इतके जड का असतात?

कारण या सायकलींचे गिअर मुळात शर्यतीच्या हिशेबाने ठरत आले. अनेक जुन्या रोड बाईकवर पुढे ५३ आणि ३९ दातांच्या दोन चकत्या असतात, ज्यांना चेनरिंग म्हणतात. मागे १२ ते २५ दातांच्या चकत्यांचा संच असतो. रोज तासन्‌तास सराव करणाऱ्या स्पर्धकाला हे गिअर ठीक वाटतात. आठवडाभर शिफ्ट करून रविवारी बाहेर पडणाऱ्याला नाही.

गिअर म्हणजे कमजोरी, ही समजूतही जुनीच आहे. टूर द फ्रान्स या जगप्रसिद्ध शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरला विरोध होता. स्पर्धकांना डिरेलर वापरायची मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. त्याआधी मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांच्या चकत्या असायच्या आणि चढ आला की खाली उतरून चाक उलटं बसवावं लागायचं. आज जगातले अव्वल सायकलपटूही डोंगराळ टप्प्यांसाठी मागे ३०-३४ दातांची चकती लावतात. त्यांना लाज वाटत नाही, तर आपल्याला का वाटावी?

दात मोजायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

हिशेब सोपा आहे. पुढच्या चकतीचे दात भागिले मागच्या चकतीचे दात. येणारा आकडा म्हणजे पेडल एकदा पूर्ण फिरवल्यावर मागचं चाक किती वेळा फिरतं ते.

रोड बाईकच्या नेहमीच्या २५ मिलिमीटर टायरच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असतो. त्यामुळे आलेल्या आकड्याला २.१ ने गुणलं की पेडलच्या एका फेरीत सायकल किती मीटर पुढे जाते ते कळतं. चढावर हे अंतर जितकं कमी, तितकं पायाला हलकं.

पुढे ३९ आणि मागे २५ असेल तर ३९ भागिले २५ म्हणजे १.५६. गुणिले २.१ म्हणजे सुमारे ३.२८ मीटर. जुन्या रेसिंग सायकलचा हा सगळ्यात हलका गिअर.

आता तो घाटात नेऊन पाहू. डोंगराळ भागातल्या रस्त्यांचा चढ साधारण ५ ते ७ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मानकं सांगतात. म्हणून आपण ६ टक्के धरू, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ६ मीटर वर. स्वार आणि सायकल मिळून वजन ८२ किलो. वेग ताशी ९ किलोमीटर. एवढ्यासाठी साधारण १३५ वॅट ताकद लागते. धडधाकट पण हौशी सायकलस्वाराला ही बऱ्यापैकी मेहनत आहे, अशक्य नाही.

पण ही ताकद पायातून कशी निघते, ते गिअर ठरवतो. ताशी ९ च्या वेगाने मिनिटाला पेडलच्या किती फेऱ्या होतील ते पाहा:

• ३९/२५ : एका फेरीत ३.२८ मीटर, मिनिटाला ४६ फेऱ्या
• ३९/२८ : २.९३ मीटर, ५१ फेऱ्या
• ३४/२८ : २.५५ मीटर, ५९ फेऱ्या
• ३९/३२ : २.५६ मीटर, ५९ फेऱ्या
• ३४/३२ : २.२३ मीटर, ६७ फेऱ्या
• ३४/३४ : २.१ मीटर, ७१ फेऱ्या

मिनिटाला ४६ फेऱ्या म्हणजे प्रत्येक फेरीत पेडलवर सरासरी १७ किलोच्या आसपास जोर. तेच ३४/३२ वर ६७ फेऱ्या होतात आणि जोर साडेअकरा किलोवर येतो. वेग तोच, माणूस तोच, घाटही तोच. गुडघ्यावरचा भार मात्र एक तृतीयांश कमी. लांबच्या चढावर मिनिटाला ६० ते ७० फेऱ्या टिकवता आल्या की दम आणि गुडघे दोन्ही शाबूत राहतात.

यात सुरक्षेचाही मुद्दा आहे. ३९/२५ वर फेऱ्या मिनिटाला ३० वर घसरल्या की वेग ताशी ६ किलोमीटरच्या आसपास येतो. इतक्या कमी वेगात जोर लावताना सायकल सरळ रेषेत राहत नाही, नागमोडी जाते. चिल्हार फाट्याकडून तारापूर एमआयडीसीत ये-जा करणारे टँकर आणि ट्रेलर ज्या रस्त्यावर आहेत, तिथे अर्धा मीटर उजवीकडे सरकणंही महागात पडू शकतं.

मग लक्ष्य किती ठेवायचं?

सोपा नियम: सगळ्यात हलका गिअर १ च्या जवळ हवा. म्हणजे पुढचे आणि मागचे दात जवळपास सारखे. ३४/३२ किंवा ३४/३४.

फक्त वाघोबाच्या खिंडीपुरतं बोलायचं तर ३९/२८ वरही काम भागू शकेल. पण मनोर, विक्रमगड करत जव्हारला जायचं असेल तर हिशेब बदलतो. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यापासून तिथवर आधीच अनेक किलोमीटर पाय चाललेले असतात आणि खरा चढ येतो तो शेवटी. पुढे मोखाडा, त्र्यंबकेश्वरकडे जायचं मनात असेल तर १ च्या जवळचा गिअर हवाच.

पहिला बदल कुठला करायचा?

वरची यादी पुन्हा पाहा. ३४/२८ आणि ३९/३२ जवळपास सारखेच आहेत. म्हणजे तोच फायदा दोन वाटांनी मिळतो: पुढची चकती लहान करा किंवा मागची मोठी करा. बहुतेक वेळा मागची बाजू बदलणं स्वस्त आणि कमी कटकटीचं असतं. म्हणून सुरुवात मागून.

त्याआधी तुमच्या मागच्या चाकाला कॅसेट आहे की फ्रीव्हील, हे ओळखा. कॅसेट हबच्या खाचांवर सरकवून बसवतात आणि वरून रिंगने आवळतात. फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवतात. चकत्या उलट्या दिशेने फिरवा आणि मधल्या हत्यार लावायच्या खाचांकडे पाहा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर थांबल्या तर फ्रीव्हील. दोन्ही काढायची हत्यारं वेगळी असतात. स्वस्तातल्या ७ गिअरच्या सायकलींवर बहुधा फ्रीव्हील असतं आणि त्यात १४ ते ३४ दातांचा संच मिळतो. त्यात शेवटची उडी थेट २४ वरून ३४ वर असते, पण घाटात ती उडीच कामाला येते.

कॅसेट असेल तर मागच्या चकत्या मोजा. ८ असतील तर ८ स्पीडचीच कॅसेट घ्या, ९ असतील तर ९ ची. हँडलवरचा शिफ्टर जितक्या टप्प्यांचा, तितक्याच चकत्या हव्यात. शिमानोच्या ८, ९ आणि १० स्पीडच्या बहुतेक कॅसेट एकाच लांबीच्या हबवर बसतात. रोड बाईकचा ११ स्पीडचा हब १.८५ मिलिमीटर लांब असतो. त्यावर कमी स्पीडची कॅसेट बसवताना तेवढ्या जाडीची रिंग मध्ये घालावी लागते.

मोठी कॅसेट लावली की काम झालं का?

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. ऑनलाइन ११-३२ ची कॅसेट मागवली जाते, बसवली जाते आणि मग मागचा डिरेलर ती पेलत नाही. वरची चाकली मोठ्या चकतीवर घासते, नाहीतर चेन ओढली जाते.

प्रत्येक मागच्या डिरेलरला दोन मर्यादा असतात.

पहिली, तो जास्तीत जास्त किती दातांची चकती घेतो. जुन्या रेसिंग सायकलवरच्या आखूड पिंजऱ्याच्या, म्हणजे शॉर्ट केज डिरेलरची ही मर्यादा अनेकदा २७-२८ च्या आसपास असते.

दुसरी, तो एकूण किती ढिली चेन सांभाळू शकतो. याला कपॅसिटी म्हणतात. हिशेब असा: पुढच्या दोन चकत्यांतला फरक अधिक मागच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान चकतीतला फरक.

५३/३९ आणि १२-२५ ला १४ अधिक १३ म्हणजे २७ लागतात. तिथेच ११-२८ लावली तर ३१. ११-३२ लावली तर ३५. पुढे ५०/३४ आणि मागे ११-३२ केलं तर १६ अधिक २१, म्हणजे ३७. आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरची कपॅसिटी साधारण तिशीच्या आसपास असते. म्हणजे ११-२८ पर्यंत बहुधा जुन्याच डिरेलरवर भागतं, त्यापुढे लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागतो.

डिरेलरच्या मागे मॉडेल नंबर कोरलेला असतो. तो कंपनीच्या माहितीपत्रकात शोधला की दोन्ही आकडे मिळतात. खरेदीआधी ही पाच मिनिटं द्याच.

शिमानोच्या ८ आणि ९ स्पीडच्या रोड शिफ्टरवर त्याच कंपनीचा ८ किंवा ९ स्पीडचा माउंटन बाईकचा मागचा डिरेलर चालतो. तो मुळातच मोठ्या चकत्यांसाठी बनवलेला असतो, त्यामुळे जुन्या सायकलसाठी ही चांगली सोय आहे. १० स्पीडचा माउंटन डिरेलर मात्र रोड शिफ्टरवर नीट चालत नाही, कारण केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं असतं. टिआग्रा ४७०० ही मालिका १० स्पीडची असूनही बाकीच्या १० स्पीडच्या रोड मालिकांशी जुळत नाही. वापरलेले सुटे भाग घेताना हे हमखास चुकतं.

पुढची चकती कधी बदलायची?

मागे ३२ लावूनही चढ जड जात असेल तेव्हा. ५३/३९ च्या क्रँकवर फक्त लहान चकती काढून ३४ ची लावू, असं अनेकांना वाटतं. ते जमत नाही. शिमानोच्या जुन्या ५३/३९ क्रँकवर चकतीचे बोल्ट १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि त्या मापात ३८ पेक्षा लहान चकती बसत नाही. ३४ साठी ११० मिलिमीटर मापाचा क्रँक लागतो. त्यालाच कॉम्पॅक्ट क्रँक म्हणतात.

म्हणजे क्रँक पूर्ण बदलायचा. तो बदलताना खालचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्या बेअरिंगवर फिरतो तो भागही जुळायला हवा. चौकोनी टोकाचा जुना बॉटम ब्रॅकेट आणि पोकळ दांड्याचा नवा क्रँक एकत्र चालत नाहीत. शिवाय मोठी चकती ५३ वरून ५० वर आली की पुढचा डिरेलर खाली सरकवावा लागतो. त्याची पट्टी मोठ्या चकतीच्या दातांपासून १ ते ३ मिलिमीटर वर हवी.

वेग कमी होणार नाही का?

ही भीती सगळ्यांना असते. मिनिटाला ९० फेऱ्या धरल्या तर ५३/१२ वर ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग येतो. नव्या ५०/११ वर ५१.५. म्हणजे चढासाठी गिअर हलके करूनही वरचा वेग किंचित वाढलाच.

किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे. ८ स्पीडच्या १२-२५ कॅसेटमध्ये चकत्या १२, १३, १५, १७, १९, २१, २३, २५ अशा जवळजवळ असतात. ११-३२ मध्ये त्या ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२ अशा लांब होतात. त्यामुळे चिंचणी-डहाणू रस्त्यावर समोरून खारा वारा येत असताना एक गिअर जड आणि त्याच्या शेजारचा फारच हलका, असं वाटू शकतं. घाटात मिळणारा आराम पाहता हा सौदा बहुतेकांना परवडतो.

जुनी चेन चालेल का?

शक्यतो नाही. मोठ्या चकतीला चेन लांब लागते. आणि झिजलेली चेन नव्या कॅसेटचे दातही झिजवते.

चेनची झीज घरी मोजता येते. इंची पट्टी घ्या. एका पिनच्या मध्यापासून २४ पिना पुढे बरोबर १२ इंच भरायला हवेत. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर चेन बदला. पूर्ण एक सूत जास्त भरलं तर कॅसेटही गेलेली असण्याची शक्यता मोठी.

नव्या चेनची लांबी ठरवताना ती मागच्या डिरेलरमधून न नेता पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून गुंडाळा. जिथे टोकं जुळतात, त्यापुढे दोन कड्या जास्त ठेवून कापा. चेन आखूड झाली तर चुकून मोठ्या-मोठ्या जोडीवर गेल्यावर डिरेलर तुटू शकतो.

किनाऱ्यावरच्या सायकलीचं वेगळं काय?

गंज. सातपाटी, चिंचणी, डहाणूच्या बाजूला वापरलेली सायकल वरून चकाचक दिसली तरी खारी हवा आतपर्यंत गेलेली असते. म्हणून गिअरचे पैसे टाकण्याआधी चार गोष्टी तपासा.

• सीटचा दांडा वर-खाली सरकतो का? फ्रेममध्ये घट्ट अडकला असेल तर तो काढताना फ्रेमलाच इजा होऊ शकते.
• क्रँकचे आणि चकत्यांचे बोल्ट सुटतात का?
• गिअरची केबल तिच्या आवरणात मोकळी सरकते का? अनेकदा 'गिअर लागत नाहीत' ही तक्रार नवी केबल आणि आवरण टाकल्यावरच संपते.
• डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर सरळ आहे का? सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो आणि मग कितीही महाग कॅसेट लावली तरी गिअर उड्या मारतात.

यातलं पहिलंच अडकलं असेल आणि फ्रेमही गंजलेली असेल, तर त्या सायकलवर आणखी खर्च करू नका. तोच पैसा कॉम्पॅक्ट क्रँक असलेल्या दुसऱ्या सायकलकडे वळवा.

मग नेमका क्रम काय?

१. पुढचे-मागचे दात मोजा, सगळ्यात हलक्या गिअरचा आकडा काढा.
२. केबल, हँगर, चेन तपासा. आहे तेच आधी नीट चालू द्या.
३. डिरेलरचा मॉडेल नंबर पाहून तो पेलेल तितकी मोठी कॅसेट आणि नवी चेन घ्या.
४. तेवढ्याने भागलं नाही तर लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि ३२ किंवा ३४ ची कॅसेट.
५. तरीही जड जात असेल तर कॉम्पॅक्ट क्रँक.

दुकानात 'सगळा ग्रुपसेटच बदला' असा सल्ला मिळाला, तर तिसऱ्या पायरीवर का भागणार नाही, हे आधी विचारा. शिफ्टर नीट चालत असतील तर ते बदलायचं कारण नसतं, आणि सगळ्या संचात महाग असतात ते शिफ्टरच.

काम झालं की सायकल उचलून धरा आणि सगळे गिअर फिरवून पाहा. मोठ्या-मोठ्या जोडीवर चेन ताणली जात नाही ना, लहान-लहान जोडीवर लोंबत नाही ना, सगळ्यात मोठ्या चकतीवरून चेन आरीत उडी मारत नाही ना. ब्रेकचे पॅडही त्याच दिवशी बघून घ्या. कारण चढलेला प्रत्येक घाट उतरायचाही असतो.

मग थेट जव्हार गाठू नका. एखाद्या सकाळी पालघरहून वाघोबाच्या खिंडीपर्यंत जाऊन या. वर पोहोचेपर्यंत पाय गोल फिरत राहिले, सायकल सरळ रेषेत राहिली आणि शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता आली, तर गिअर बरोबर बसलेत. पुढच्या रविवारी ग्रुपवर जव्हारचा प्लॅन आला की 'येतो' म्हणायला हरकत नाही.